इंदूरच्या ८५ पार्षदांना खुले पत्र: माझ्या ओट्याच्या दोन पायऱ्या कुठे गेल्या?

सन्माननीय पार्षद भगिनींनो आणि बंधूंनो,

सप्रेम नमस्कार.

माझ्या घराच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा बसवलेल्या, काळ्या दगडाच्या, प्रत्येकी साडेसहा इंच उंचीच्या. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा माप ओलांडण्याआधी त्या तीन पायऱ्या चढले होते, म्हणून चांगल्या लक्षात आहेत. आज वरची एकच उरली आहे. खालच्या दोन कुणी उपटून नेल्या नाहीत. त्या जागच्या जागी आहेत, रस्त्याच्या पोटात.

आधी डांबरावर डांबर पडलं. मग सिमेंटचा रस्ता आला, तेव्हा खालची पायरी पूर्ण गेली. काही वर्षांनी त्या सिमेंटला भेगा पडल्या, तर ते न खोदता त्यावरच दुसरा थर ओतला आणि मधली पायरी गेली. प्रत्येक वेळी पार्षद, म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक, वेगळे होते. प्रत्येक वेळी नारळ फुटला, पेढे वाटले, गल्लीच्या तोंडाशी नावाचा फलक लागला. पेढा मीही घेतला. आता पावसाळ्यात समोरच्या घरात रस्त्यावरचं पाणी उंबरठा ओलांडून आत येतं, कारण त्यांचं जोतं आमच्यापेक्षा बसकं आहे. दर जूनमध्ये ते लोक दारात विटांचा बांध घालतात आणि दिवाळीच्या आधी काढतात. नर्मदेच्या लाइनीचा व्हॉल्व्ह गल्लीत नेमका कुठे आहे, हे एका म्हाताऱ्या लाइनमनला पाठ होतं. तो निवृत्त झाला. व्हॉल्व्ह सिमेंटच्या दोन थरांखाली आहे.

मी बत्तीस वर्षं सरकारी हिशेब तपासण्याचं काम केलं. रस्त्याचं बिल आलं की सोबत मेजरमेंट बुक येतं, आमच्या बोलण्यात नुसतं ‘एमबी’. त्यात लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. खाली उपयंत्र्याची, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याची, सही, मग वरच्या साहेबांची तपासणी. आमच्या गल्लीच्या रस्त्यांची एमबी मी पाहिलेली नाही. ती चोख असेल, असंच मी धरून चालते. जितकं सिमेंट ओतलं म्हणून लिहिलं, तितकं ओतलं असेल. पण लोकांच्या जोत्याच्या मानाने रस्ता किती वर गेला, यासाठी एमबीत रकानाच नसतो. तो प्रश्न कागद विचारत नाही. तो विचारायला माणूस लागतो, आणि ते माणूस आम्ही मत देऊन नेमलेलं आहे. ते माणूस म्हणजे तुम्ही.

आमच्या त्या पार्षदांपैकी एकही वाईट नव्हता, हे आधी सांगते. एकाने आमच्या शेजारी मयत झालं त्या रात्री अकरा वाजता टँकर पाठवला होता, स्वतः सोबत आला होता. दुसरे रोज सकाळी वॉर्डात पायी फिरायचे, कचरा राहिला असेल तर सफाईवर देखरेख करणाऱ्या दरोग्याला तिथूनच फोन लावायचे. त्यांच्यापैकी एकाला मी विचारलं होतं, की जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकायची मंजुरी देतं कोण, आणि हे तुम्ही परिषदेच्या बैठकीत काढाल का? तो तरुण मुलगा मनापासून म्हणाला, “आंटीजी, सड़क तो बनवा दी ना!” त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. रस्ता मागितला, रस्ता दिला, आता या बाईंना आणखी काय हवंय, हे त्याला खरोखर कळत नव्हतं. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

महाराष्ट्रात तुम्हाला नगरसेवक म्हणतात, आपल्याकडे पार्षद. नगरसेवक या शब्दात सेवा आहे, पार्षद या शब्दात परिषद आहे. परिषदेत बसतो तो पार्षद. आपल्या मध्यप्रदेशातला शब्द मला अधिक नेमका वाटतो. तुमचं काम जिथे होतं ती जागा त्यात सांगितलेली आहे. गल्लीत तुम्ही जे करता त्याला मोल आहेच. पण गल्लीतलं काम करायला झोन आहे, झोनल अधिकारी आहे, उपयंत्री आहे, दरोगा आहे. तक्रार नोंदवायला आता ३११ ॲप आहे, सीएम हेल्पलाइनचा १८१ नंबर आहे. चेंबरचं झाकण फुटलं तर ते बदलायची व्यवस्था चुकतमाकत का होईना, उभी आहे. तेच झाकण दर सहा महिन्यांनी का फुटतं, कुठल्या दराने येतं, कुणाकडून येतं, आणि हमीच्या मुदतीत फुटलं तर पैसे कुणाच्या खिशातून जातात, हे विचारायला मात्र दुसरं कुणीही नेमलेलं नाही. आमदार ते विचारणार नाहीत, खासदार तर नाहीच नाही.

मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम १९५६चा आहे. संविधानातली ७४वी दुरुस्ती १ जून १९९३पासून लागू झाली आणि तुमच्या खुर्चीला संविधानाचा आधार मिळाला. त्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यात १८ विषय आहेत: पाणीपुरवठा, रस्ते आणि पूल, स्वच्छता, अग्निशमन, झोपडवस्त्यांची सुधारणा, बागा, स्मशानं, जन्म-मृत्यूची नोंद, रस्त्यावरचे दिवे, नगर नियोजनसुद्धा. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत ज्याला ज्याला हात लावतो ते सगळं त्यात आहे. तुम्ही म्हणाल, कागदावर आहे, हातात कुठे आहे? आयुक्त सरकार पाठवतं, नियोजन दुसऱ्या खात्याकडे, मोठ्या वसाहती प्राधिकरणाकडे, मेट्रो तिच्या कंपनीकडे. हे खरं आहे, आणि त्याचं दुःख मलाही आहे. पण जे हातात आहे ते तरी पूर्ण वापरून झालंय का? दोन महिन्यांतून एकदा तरी परिषद बसावी, असा नियम आहे. ती बसली नाही तर मोर्चा आम्ही काढायचा की आधी तुम्ही विचारायचं?

आणि खुर्ची रिकामी राहते तेव्हा काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. २०१५ साली निवडून आलेल्या परिषदेची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. संविधान सांगतं, मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. ती झाली नाही. शेवटी १० मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका जाहीर करा म्हणून बजावलं, आणि ६ जुलै २०२२ ला आपण मतदान केलं. दोन वर्षांहून जास्त काळ देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात एकही पार्षद नव्हता. कारभार प्रशासकांकडे होता. कचऱ्याची गाडी रोज येत होती, दिवे लागत होते, नर्मदेचं पाणी दिवसाआड येत होतं. मला ज्याची काळजी वाटली ती पुढची गोष्ट. रामबागेत एका ओळखीच्या घरी हळदीकुंकवाला पंधरा-वीस बायका बसलो होतो. मी सहज विचारलं, आपल्या वॉर्डाला सध्या पार्षद नाही हे कुणाला जाणवलं का? दोघी म्हणाल्या, दाखल्यावर सही घ्यायला कुणी नव्हतं, तेवढी अडचण झाली. बाकी कुणाला आठवेना. पार्षदाची उणीव सहीपुरतीच भासावी! तो दोष एकट्या तुमचा नाही. आम्हीच तुम्हाला सही, टँकर आणि नारळ यांच्यात वाढवलंय.

याचीही कबुली देते. माझ्या धाकट्याने गॅलरी पुढे काढली, नोटीस आली, तेव्हा पार्षदांना फोन करणारी मीच होते. “जरा बघा ना” म्हणाले होते. कुणाचा चालान माफ करा, कुणाचं बोरिंग चालू द्या, कुणाच्या दुकानाचा पत्रा रस्त्यावर राहू द्या, अशा फोनांनी तुमचा दिवस खातो तो आम्हीच. ज्या नियमांची अंमलबजावणी होते की नाही हे पाहायला तुम्हाला पाठवलं, ते नियम माझ्यासाठी वाकवा, असं मी म्हटलं. गॅलरी नंतर मागे घ्यावी लागली, आणि ते बरंच झालं. पुन्हा तसा फोन मी केलेला नाही आणि करणार नाही. शेजाऱ्यांनाही सांगत असते.

आता जे सांगते ते माझ्या नोकरीतल्या अनुभवातून. आपल्या निगमाचं अंदाजपत्रक अलीकडच्या वर्षांत आठ हजार कोटींच्या घरात असतं. ८५ वॉर्डांनी भागलं तर वॉर्डामागे नव्वद कोटींच्या वर. मोठा भाग शहराच्या सामाईक योजनांचा असतो हे मला कळतं, तुमच्या हाती नव्वद कोटी देत नाहीत. पण त्या आठ हजार कोटींना होकार तुमच्या हातातून जातो, म्हणजे जबाबदारीही तेवढ्याची आली. तुमचा पार्षद निधी त्यापुढे चिमूटभर. आणि सगळी धावपळ त्या चिमटीसाठी होते! कुठला पेव्हर ब्लॉक कुठल्या गल्लीत बसवायचा यावर तासभर बोलणारी माणसं मुख्य अंदाजपत्रकाला पानं न उलटता हात वर करतात, असं बऱ्याच शहरांत पाहिलं.

अंदाजपत्रकाचं जाड बाड बघून घाबरू नका. त्यात तीन रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष काय झालं, या वर्षाचा सुधारलेला अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. तिसरा रकाना वाचून दाखवला जातो, टाळ्या त्यालाच पडतात. तुम्ही पहिला वाचा. जिथे अंदाज शंभराचा होता आणि प्रत्यक्ष खर्च तिसाचा झाला, तिथे बोट ठेवा आणि उभे राहा. एकच ओळ धरा, ड्रेनेजच्या देखभालीची. नवीन कामाला किती आणि आहे त्याच्या देखभालीला किती, एवढी दोनच आकड्यांची तुलना करा. नव्याला फलक लागतो, देखभालीला लागत नाही. म्हणून देखभाल उपाशी राहते. मी बत्तीस वर्षं हेच पाहिलं, कुठल्याही निगमाचं, कुठल्याही पालिकेचं.

तसंच कर्जाचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या शहराने नर्मदाकाठच्या जलूदच्या ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले. सामान्य माणसांनीसुद्धा ते घेतले. कल्पना मला फार आवडली. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर लांब आणि डोंगर चढवून आणायचं, त्याचं विजेचं बिल प्रचंड, ते सूर्याने भरावं. पण या कर्जाची परतफेड तुमच्यानंतरच्या परिषदेलाही करायची आहे. दर महिन्याला किती युनिट वीज झाली, बिल कितीने उतरलं, व्याजाला किती गेले, हे तिन्ही आकडे प्रत्येक बैठकीत मागून घ्यायला काय हरकत आहे? त्यात सत्ताधारी आणि विरोधी असं काही नाही. महापौर कारभारासाठी तुमच्यातल्या दहा जणांना आपल्या वेगळ्या ‘महापौर परिषदे’त घेतात. बाकीचे पंचाहत्तर तुम्ही कशासाठी आहात? त्या दहांना विचारण्यासाठीच ना? आपल्याच पक्षाच्या महापौरांना प्रश्न विचारला की फितुरी झाली, असं मानायची जी रीत पडली आहे, ती मोडा. घरातली सून हिशेब विचारते म्हणून घर फुटत नाही.

पाण्याबद्दल मात्र मला थांबून लिहिलं पाहिजे.

नर्मदा इंदुरात आली ती १९७८ साली. सासूबाई सांगायच्या, पहिल्यांदा नळाला ते पाणी आलं तेव्हा बायकांनी हळदकुंकू वाहिलं होतं, घागर भरून देवापुढे ठेवली होती. ज्या पाण्याची पूजा केली, त्याच नर्मदेच्या लाइनीत २०२५च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात सांडपाणी मिसळलं. शेकडो माणसं आजारी पडली, माणसं दगावली. आठ वेळा देशात पहिलं आलेलं आपलं शहर. ती बातमी वाचली त्या दिवशी मी माठातलं पाणी ओतून दिलं आणि बराच वेळ नुसती ओट्यावर बसून राहिले. आमच्या गल्लीतला व्हॉल्व्हही सिमेंटखाली आहे, एवढंच डोक्यात येत होतं.

हे कसं होतं, ते समजून घ्या, कारण तुमच्या प्रत्येकाच्या वॉर्डात ते होऊ शकतं. आपल्याकडे पाणी दिवसाआड येतं. पाणी बंद असतं तेव्हा लाइन रिकामी असते, आत दाब नसतो. शेजारून ड्रेनेज जातं. जुन्या पाइपाला कुठे छिद्र असेल, सांधा सैल असेल, तर बाहेरची घाण आत खेचली जाते. पुढच्या वेळी पाणी सुटलं की ती घराघरात पोहोचते. म्हणून कुठे कुठली लाइन आहे, किती वर्षांची आहे, ड्रेनेजपासून किती हातावर आहे, याचा नकाशा तुमच्या वॉर्डाच्या कार्यालयात भिंतीवर हवा. निवडणुकीचा वॉर्डाचा नकाशा तुमच्याकडे असतोच, कुठल्या गल्लीत किती मतं याचा. तेवढ्याच बारकाईने पाइपांचा हवा.

आणि एक काम तुम्ही स्वतःच्या हाताने करू शकता. बाजारात पाण्यातलं क्लोरीन तपासायची छोटी पेटी मिळते, फार महाग नसते. नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. सोबतच्या पट्टीशी रंग जुळवला की आकडा मिळतो. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. रंग आलाच नाही तर समजावं, की वाटेत काहीतरी घाण त्याला खाऊन गेली आहे किंवा ते टाकलंच गेलेलं नाही. माझ्याकडे अशी पेटी आहे. जानेवारीपासून पाणी येईल त्या दिवशी मी पहिल्या दहा मिनिटांचं आणि शेवटच्या दहा मिनिटांचं पाणी तपासते आणि वहीत लिहिते. तारीख, वेळ, रंग. नातू पट्टी धरतो. तुमच्या वॉर्डात लाइनीच्या अगदी टोकाची दहा घरं निवडलीत, तिथल्या बायकांच्या हाती अशी पेटी दिलीत आणि त्यांच्या वह्या घेऊन परिषदेत उभे राहिलात, तर तुम्हाला कुणी खाली बसवू शकणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची आपल्या सगळ्यांचीच सवय आहे. इथे विहीर आहे, पाणीही आहे, ते कसलं आहे तेवढं आधी कळायला हवं.

महिला पार्षदांशी आता थोडं बोलते. आपल्या राज्यात शहरी संस्थांमधल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. संविधानाने एक तृतीयांश सांगितल्या होत्या, मध्यप्रदेशाने अर्ध्या केल्या. ताई, तुमच्यापैकी कित्येकींचा नंबर मी फिरवला आहे, वेगवेगळ्या कामांसाठी. फोन बहुतेक वेळा पुरुषाने उचलला. “मैडम बिज़ी हैं, मुझे बताइए.” काही तर स्वतःची ओळख ‘पार्षदपती’ अशी करून देतात, जसं काही ते पदच आहे. शपथ तुम्ही घेतलीत. सही तुमची चालते. उद्या हिशेब मागितला गेला तर नावही तुमचंच येईल. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागात मी एकटी बाई होते. दौऱ्यावर गेले की समोरचे अधिकारी माझ्या हाताखालच्या लिपिकाकडे बघून उत्तर द्यायचे. मी दरवेळी म्हणायचे, “इकडे बघून सांगा, सही मला करायची आहे.” पहिले सहा महिने जीव मुठीत धरून म्हणायचे, नंतर सवय झाली. त्यांनाही झाली. ताई, फोन तुम्ही स्वतः उचला. पहिल्या दिवशी हे करा, बाकीचं आपोआप होईल असं मी म्हणत नाही, पण याच्याशिवाय काहीच होणार नाही. घराचं पाणी भरणं, साठवणं, गाळणं इतकी वर्षं तुम्ही केलंय. पाण्याच्या फाइलीत काय चुकलंय, ते तुम्हाला दोन मिनिटांत दिसेल. त्या खुर्चीत तुमच्याऐवजी दुसरं कुणी बसलं, तर ते दिसायचं राहून जाईल.

आपल्या शहरात नगरपालिका १८७० पासून आहे. म्हणजे हे सगळं आपल्याला नवीन नाही. होळकरांच्या काळात पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार इथे आले. १९१८ साली त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगचे दिवस होते. गेडीसांनी दिवाळीची मिरवणूक काढली, मार्ग ठरवला तो असा की ज्या मोहल्ल्याने आपले रस्ते स्वच्छ केले त्यातून मिरवणूक जाईल. सफाई कामगार नव्या झाडूंनिशी, पांढऱ्या कपड्यांत त्या मिरवणुकीत मानाने चालले. ही गोष्ट स्वच्छतेच्या कार्यक्रमांत आपण नेहमी ऐकतो. त्यांची दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, ती फारशी कुणी सांगत नाही. शहरासाठी एक मोठी, खर्चिक ड्रेनेजची योजना मांडलेली होती. गेडीसांनी ती मान डोलावून मान्य केली नाही. गल्ल्यागल्ल्यांतून पायी फिरून, लोक कसे राहतात ते बघून, त्यांनी त्या योजनेवर प्रश्न उभे केले, आकडे तपासले, स्वस्तातला मार्ग सुचवला. ते बाहेरून आलेले पाहुणे होते. तुम्ही तर याच गल्ल्यांमध्ये वाढलात.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. वॉर्डात होणाऱ्या प्रत्येक कामाच्या जागी, फलकावर तुमच्या नावाच्या खाली, कामाची रक्कम, ठेकेदाराचं नाव, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, आणि हमीची मुदत कधी संपते ती तारीख लिहा. हमीची मुदत सगळ्यात मोठ्या अक्षरात. रस्ता मुदतीत फुटला तर तो ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचा असतो. कित्येकदा मुदत संपेपर्यंत कुणाला आठवण राहत नाही आणि मग नवा ठराव, नवी निविदा, नवा थर. माझ्या मधल्या पायरीवर जो थर आहे तो असाच आला असावा, असा माझा संशय आहे.

वर्षातून दोनदा वॉर्डातल्या लोकांना बोलवा. मांडव, हार, माइक नको, शाळेचा एक वर्ग पुरे. परिषदेत गेल्या सहा महिन्यांत काय काय आलं, तुम्ही कशाला हात वर केला आणि कशाला नाही, ते सांगा. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्ती असलेल्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात, असं संविधानातच लिहिलं आहे; त्या समित्यांमध्ये जीव ओतायचा तर सुरुवात अशा एका वर्गखोलीतून होईल. २०११च्या जनगणनेत शहर साडेएकोणीस लाखांच्या वर होतं, म्हणजे त्या जुन्या आकड्यानेसुद्धा तुमच्या एकेकाच्या मागे तेवीस हजार माणसं आहेत. आता कितीतरी जास्त. त्यातली पन्नास आली तरी चालतील. मी येईन.

आणि सिमेंटचा रस्ता मंजूर करताना प्रत्येक वेळी एक ओळ लिहून घ्या: जुना थर काढून, आधीची पातळी राखून. त्या कामाच्या अंदाजपत्रकात खरवडण्याचा खर्च धरा. पैसे जास्त लागतील, त्यामुळे गल्ल्या कमी होतील, लोक नाराज होतील. मला विचारलंत तर मी ओट्यावर उभी राहून त्यांना समजावून सांगेन.

तुमची पाच वर्षं २०२७ मध्ये संपतील. अजून परिषदेच्या काही बैठका उरल्या आहेत. त्यातल्या एखाद्या बैठकीआधी माझ्याकडे या. कुठल्याही वॉर्डाचे, कुठल्याही पक्षाचे असा. आमच्याकडे पाणी दिवसाआड सकाळी सव्वापाचला सुटतं. सहापर्यंत असतं. वही, क्लोरीनची पेटी आणि मोजपट्टी तयार असेल, चहा मी टाकीन. पायरी फार उंच नाही आता, चढायला त्रास होणार नाही.

आपली,
जुन्या इंदुरातली एक मतदार
(निवृत्त लेखापरीक्षक)